हळकुंड मोडल्याचा आवाज

पडद्यावर माझ्या मायचं तोंड थांबवलं आन सर म्हणले, "ही बाई कोण?"

वर्गात आमी बावीस जण होतो. खिडक्यांना काळे पडदे लावलेले. समोरच्या भिंतीवर मायचं तोंड दरवाजाएवढं झालेलं. कपाळावर घाम, नाकाला हळद लागलेली. तिनं हळकुंड कानापाशी धरून मोडलं होतं आन आवाज बराबर आला म्हणून ती हसली होती. समोरचा एक दात पडलाय तिचा, तो दिसत होता. नेमकं तिथंच सरांनी थांबवलं.

"शेडवरची मजूर आहे सर," मी म्हणलं.

माझ्या तोंडातून तेच निघालं. माझी माय आहे, हे न्हाई निघालं.

"मग काढून टाक," सर म्हणले. "ही हळद आहे. लोक देवाला वाहतात, नवरीला लावतात. हा चेहरा बघून कोण पाकीट घेईल? सात्त्विक कोणीतरी पाहिजे."

मागच्या बाकावरून एक पोरगं बोललं, "सर, हिला बघून तर आम्ही हळदच सोडून देऊ." वर्ग हसला. सर बी हसले. आन मी बी हसले. हे सांगायला आज तकलीफ होते, पण हसले मी. मायचं तोंड भिंतीवर, तिच्या खाली बसून तिचीच लेक दात काढून राहिली होती.

आमचं गाव जवळा बाजारजवळ. तिथून एसटीनं हिंगोलीला कॉलेजात जायचं, जनसंवादाच्या तिसऱ्या वर्षाला. शेवटच्या सत्रात प्रकल्प होता. एका धंद्याचा तीन मिनिटांचा प्रचारपट करायचा. आधी नियोजन, मग चित्रीकरण, मग मूल्यमापन. जोडीजोडीनं काम. माझ्या जोडीला रुखसार होती, हिंगोलीचीच, बाप तिचा वेल्डिंगच्या दुकानावर. कॅमेरा माझा, आवाज तिचा.

धंदा सरांनीच ठरवून दिला. कॉलेजच्या सचिवांच्या मेव्हण्याची हळद कंपनी. त्यांचं शेड आमच्या गावापासून पायी जाण्याएवढं. त्याच शेडवर माझी माय नऊ हंगामांपासून हळद निवडायला जायची. मालकांची नवी पाकिटं बाजारात येणार होती आन जाहिरात फुकटात पाहिजे होती. त्याला आमचं शिक्षण म्हणायचं.

माझी माय तिथं आहे, हे मी सरांना सांगितलं न्हाई. काहून सांगू? वस्तीतली पोरगी म्हणून वर्गात माझी जागा आधीच ठरलेली होती. निवडणाऱ्या बाईची पोरगी म्हणलं असतं तर आणखी खाली सरकले असते.

पण पिच्चरचं डोकं मायचंच होतं. हळद शिजवून ताडपत्रीवर वाळत घातली की ती पुरी वाळली का न्हाई, हे डोळ्याला कळत न्हाई. माय ढिगातून एक हळकुंड उचलते, दोन्ही अंगठे जवळ आणते, कानापाशी धरते आन मोडते. वाळलेलं असलं तर कट्ट करून वाजतं, लोखंडावर लोखंड पडल्यासारखं. ओलं असलं तर लवतं, वाजत न्हाई. मशीन येवो न्हाई तर न येवो, ढीग भरायच्या आधी मालक मायलाच हाक मारायचे. "ऐक गं जरा," म्हणायचे. मायनं मान हलवली की पोती शिवायची.

म्हणून मी वहीत लिहिलं, पहिला शॉट: पडदा काळा. फक्त हळकुंड मोडल्याचा आवाज. मग एका अनुभवी स्त्रीचा चेहरा. सरांनी लाल पेनानं 'उत्तम' लिहिलं. कागदावरच्या बाईला तोंड नव्हतं, तवर ती उत्तम होती.

शूटिंगच्या दिवशी माय भीमजयंतीची पांढरी साडी नेसून आली. निळ्या काठाची. हळदीच्या धुरळ्यात पांढरी साडी. रुखसार यायच्या आधीच मी तिच्यावर ओरडले.

"रोजची घाल ना माय. काम करताना दिसायचंय."

"रोजची तर रोजच हाय. फिल्लममधी काहून घालू?"

घातली तिनं, माझ्यासाठी. कॅमेऱ्याला घाबरली न्हाई ती. रुखसारनं माईक जवळ नेला तवा माय म्हणली, "लेकरा, मागं पोरी बोलून राहिल्यात, त्यान्ला गप कर, मंग मोडते." रुखसार म्हणली, "इनकू मेरा काम भी आता है." तीन हळकुंडं मोडली. तिसऱ्याला जो आवाज आला, तसा आवाज मी त्याच्या आधी ऐकला नव्हता. माय हसली. तेच ते हसू.

"दिसन ना मी?" तिनं विचारलं.

"पहिल्यांदा तूच दिसशील," मी म्हणलं.

ती वस्तीत सगळ्यांना सांगून बसली. डोंगरकड्याच्या मावशीला फोन केला. नऊ हंगाम मान खाली घालून निवडणाऱ्या बाईला एकदा मान वर करून दिसायचं होतं. एवढंच तिचं मागणं होतं.

आन मी वर्गात म्हणलं, मजूर आहे.

दुसऱ्यांदा शूटिंग झालं. सात्त्विक म्हणून मालकांची सून आली. हिरवी साडी, नथ, पितळी परात. शेडच्या पुढं रांगोळी काढली. मालक खुर्ची टाकून बसले, सर त्यांच्या बाजूला उभे. सुनेला वाळलेलं हळकुंड काही मोडेना. हात दुखला तिचा. मग मालकांनी मायला हाक मारली. "ऐक गं, जरा दाखव हिला."

माय पदराला हात पुसत आली. सुनेचा अंगठा सरकवायला तिनं हात पुढं केला. सुनेनं हात मागं ओढला.

"लांबूनच दाखवा," ती म्हणली.

माय थांबली. लांबून दाखवलं. मी कॅमेऱ्याच्या मागं होते, मला सगळं बराबर फ्रेममध्ये दिसून राहिलं होतं. सर मला म्हणले, "चल, घे." मी घेतलं.

तरी मोडेना. मग मालकांनी ताडपत्रीवरची अर्धओली हळद आणायला लावली. मऊ होती, रंगानं बी पिवळीजर्द दिसत होती. माय बोललीच. "मालक, ही ओली हाय. पोत्यात भरली तं बुरशी धरन. ही दाखवू नका, हळदवाले हसतील तुमाला."

"तुला कोणी विचारलं?" मालक म्हणले. "तू तिकडं हो."

सुनेनं ओलं हळकुंड मोडलं. लवलं, मग तुटलं. आवाज काहीच न्हाई. सर म्हणले, "असू दे. पहिला आवाज आहे ना आपल्याकडे? तोच हिच्या हातावर बसव."

मी बसवला. कॉलेजच्या लॅबमध्ये बसून, माझ्या हातानं. सुनेचे अंगठे जवळ आले की मायचं हळकुंड मोडायचं. इतकं बेमालूम जमलं की सर खांद्यावर थाप मारून गेले. मायचं तोंड मी कचऱ्यात टाकलं आन तिच्या हातचा आवाज दुसरीला देऊन टाकला. वर शाबासकी घेतली.

घरी आले की माय रोज विचारायची. "झालं का? दिसते ना मी?" मी म्हणायची, व्हय. मग अंतिम सादरीकरणाचा दिवस ठरला. बाहेरच्या परीक्षक बाई येणार, मालक येणार. मायनं शेडवर सुट्टी सांगितली, पांढऱ्या साडीला इस्त्री करून आणली. "मी बी येते हिंगोलीला बघाया."

"बाहेरच्यांना घेत न्हाईत," मी म्हणलं.

"बरं," ती म्हणली. साडीची घडी करून तिनं पेटीत ठेवली.  भांडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी सकाळच्या एसटीत मला माझीच घाण वाटली. सरांची न्हाई, मालकाची न्हाई. माझी. लांबूनच दाखवा म्हणणारी सून बरी म्हणायची, ती निदान परकी तरी होती.

कॉलेजात गेले, लॅब उघडून घेतली. रुखसार आली तवा मी आवाजाच्या पट्टीवर बोट ठेवून बसले होते.

"काढून राहिले मी," मी म्हणलं. "तुझे बी गुण जातील. आवाज तुझ्या नावावर आहे."

तिनं स्टूल ओढून माझ्या बाजूला मांडलं. "वो तेरी माँ है, मेरेकू पहले दिनसे मालूम था," ती म्हणली. "नाक एकच है दोनोंका. मैं देख रही थी, तू कब बोलती. निकाल."

काढला. फाइल माझ्या पेनड्राइव्हवर घेतली, लॅबमध्ये ठेवली न्हाई.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत मालक, सून, सचिव, परीक्षक बाई. पडदा काळा झाला. काळाच राहिला. मग रांगोळी, नथ, परात. सुनेचे अंगठे जवळ आले, हळकुंड लवलं, तुटलं. आवाज न्हाई. मागं कोणीतरी खोकलं तेवढंच ऐकू आलं. पुढं दोनदा परत तोच शॉट होता. दोनदा परत काहीच न्हाई.

सर उठले. "टेक्निकल अडचण आहे मॅडम."

मी उभी राहिले. समोरच्या खुर्चीची पाठ धरली. आन बोलले.

"अडचण न्हाई सर. आवाज मी काढलाय. पडद्यावरची हळद ओली आहे, ती वाजत न्हाई. जो आवाज होता तो दुसऱ्या बाईच्या हातचा होता. तुमी वर्गात विचारलं होतं ही बाई कोण. मी म्हणलं मजूर आहे. ती मजूर आहे आन माझी माय आहे. तिचं तोंड तुमाला चालत न्हाई, तर तिच्या हातचं बी काही मिळणार न्हाई."

सर मला म्हणले, "खाली बस." मी बसले न्हाई. परीक्षक बाई कागदात बघत राहिल्या. मालकांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. सरांकडं वळून विचारलं, "हिची आई आपल्या शेडवर आहे का?"

दुसऱ्या दिवशी मायला शेडच्या फाटकावरूनच परत लावून दिलं.

मला वाटलं होतं, माय मला जवळ घेईल. कशाला घेईल? ती दारात उभी राहून बोलली.

"शेडचं जाऊ दे. दुसरं शेड हाय. पर तू वर्गात मजूर म्हणलीस मला?"

फाटकावरच्या माणसानं तिला सगळं सांगितलं होतं, हसत हसत.

"व्हय," मी म्हणलं.

"मी तुला शिकवून राहिले ते मला मजूर म्हणायला?"

  माय आठ दिवस माझ्याशी बोलली न्हाई. ताट पुढं सरकवायची, तेवढंच.

मूल्यमापनाच्या कागदावर आवाजाला शून्य पडलं. शेरा होता, सादरीकरणात शिस्त नाही. स्वतःचं मूल्यमापन आपणच लिहायचं असतं, त्यात शेवटचा प्रश्न होता, पुढच्या कामात काय बदल कराल? मी लिहिलं, ज्याचे हात दाखवीन त्याचं तोंड दाखवीन, आन कोण आहे विचारलं तर खरं सांगीन. सरांनी कागद परत पाठवला, नीट लिहून आण म्हणून. मी तोच कागद परत दिला.

नवव्या दिवशी दुपारी सरांचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. माय समोर तांदूळ निवडत बसली होती.

"हे बघ, झालं गेलं सोडून दे," सर म्हणले. "मालकांची जाहिरात अडली आहे. तो आवाज दुसरीकडे कुठे जमत नाहीये. तेवढी फाइल पाठव. तुमचे गुण अजून विद्यापीठाकडे गेले नाहीत, बघता येईल. तुझ्या आईचंही बघता येईल शेडवर."

मायचे हात सुपात थांबले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट बघितलं. मग हळू म्हणली, "माझं नाव विचार त्यान्ला."

"सर, माय विचारून राहिली, तिचं नाव काय?"

 सर म्हणले, "मालकांना विचारून सांगतो."

मायनं हात लांब केला आन फोन बंद केला. परत सूप ओढून घेतलं.

सरांचा फोन पुन्हा आला न्हाई. नऊ हंगाम त्या शेडवर तिच्या कानावर पोती भरली गेली, आन तिचं नाव तिथं कोणाला ठाऊक न्हाई. तिचं नाव सुभद्रा आहे. ती फाइल माझ्यापाशी आहे, तिला मी हेच नाव दिलंय. टाकून दिलेलं मायचं तोंड बी मी कचऱ्यातून परत काढून घेतलंय. आता दोन्ही एकत्रच राहतील. नाकाला हळद लागलेलं, दात पडलेलं ते तोंड ज्या पडद्यावर पुरं दिसेल, त्याच पडद्यावर ते हळकुंड वाजेल. दुसरीकडं कुठंच न्हाई. तवर आमचं शून्य राहू द्या तिथंच.