अण्णांच्या गादीतले अंक

माझ्या वडिलांची चिता मी कॉमिक्सनं पेटवली. आमच्या भावकीत ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगणारा सांगता सांगता माझ्याकडे बघतो. गोष्ट खरी आहे. फक्त त्याला ती अर्धीच ठाऊक असते, म्हणून उरलेली मीच सांगून टाकतो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. अंबडला कोर्टासमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. (कोर्टासमोर झेरॉक्स काढणारा उपाशी मरत नाही, असं अण्णा म्हणायचे. बाकी कुठल्याही बाबतीत त्यांना माझा भरवसा नव्हता.) पण माझा जीव दुकानात नव्हता, जुन्या कॉमिक्समध्ये होता. जालन्यापासून भोकरदनपर्यंत एकही रद्दीवाला मी सोडला नव्हता. हसनाबादला सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, माहेरकडचं लग्न होतं. पंगत बसली आणि मी यजमानांच्या कोठीत शिरून पोत्यातली जुनी पुस्तकं उपसायला लागलो. नवरीच्या मामानं मला चोर समजून आतच कोंडलं. जावई कुठं गेले म्हणून शोधाशोध झाली तेव्हा कडी निघाली. तेव्हापासून सुनंदा माहेरच्या लग्नांना एकटी जाते.

अंक शोधायचे, झटकायचे, पिना बदलायच्या, प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे आणि पुण्या-मुंबईच्या शौकीन मंडळींना विकायचे, असा माझा जोडधंदा. अण्णांना तो बिलकुल मान्य नव्हता. अण्णा अंकुशनगरला कारखान्यावर काट्यावरचे क्लार्क होते. उसाच्या गाड्यांचं वजन करण्यात जन्म गेला. काट्यावर चढवल्यावर जी हलकी भरते ती वस्तू फालतू, हे त्यांचं तत्त्वज्ञान.

"दिगंबर, काय करून राह्यलास?"

"कॉमिक्स साफ करतोय, अण्णा."

"लेकरांची पुस्तकं हैत ती. तुला चाळिशी आली."

"याला किंमत असते. जितकं जुनं तितकी जास्त."

"मी बी जुना झालो," अण्णा म्हणाले, "माझी कोण वाढवून राह्यलंय?"

मी पुढच्या अंकाची पिन काढायला घेतली. 

मग अण्णांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. डावा हात आणि जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि जीभ तर आता दोन्ही बाजूंचं काम करायला लागली. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची खाट टाकली. त्याच सुमाराला जालन्याच्या एका रद्दीवाल्याकडे मला घबाड सापडलं. निळ्या टोपीच्या गुप्तहेराची आठ अंकांची अख्खी मालिका! एका हवेलीतला रत्नांचा डबा चोरीला जातो आणि गुप्तहेर आठ अंक चोर शोधत हिंडतो. असे सगळे अंक एकत्र कुणाकडेच नव्हते. फक्त एक खोट होती. ते वर्षानुवर्षं सुतळीत गच्च बांधलेले, त्यामुळे पार कमानीसारखे वाकले होते.

वाकलेला अंक सरळ करायची एकच रीत आहे. त्याच्यावर सपाट, सारखं वजन बरेच महिने राहिलं पाहिजे. ट्रंक ठेवली तर कडा दाबतात, पाटा ठेवला तर मधेच दाबतो. मी घरभर वजन शोधत फिरलो आणि खिडकीपाशी थांबलो.

आता तुम्ही मला काय म्हणणार ते सुनंदानं आधीच म्हटलेलं आहे.

"अहो, जनाची न्हाई तर मनाची तरी ठेवा. बाप है तो तुमचा."

"त्यांना कुठं टोचतंय? मऊ कापूस आहे वर."

गादीला खोळ होती, एका बाजूनं उघडी. त्या खोळीत, गादीच्या खाली, आठही अंक मी पिशवीसकट नीट मांडून सरकवले. जन्मभर लोकांच्या उसाचं वजन केलेल्या माणसाचं वजन पहिल्यांदा घरच्या कामी आलं. पावसाळ्यात ठेवले ते होळी जवळ आली तरी तिथंच होते. मी रोज सकाळी अण्णांची विचारपूस करायला जायचो आणि गादीचा काठ चाचपून यायचो. शेजारपाजारचे म्हणायचे, पोरगा बापाचं किती करतो.

पुण्याच्या श्रीनिवासरावांना मी फोन केला. मोठे संग्राहक. आठही अंक आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, "मी स्वतः येतो. रविवारी."

खरं सांगतो, पैशाचं मला एवढं नव्हतं. मला अण्णांचं तोंड बघायचं होतं. चष्मा लावलेला, शिकलासवरलेला माणूस पुण्याहून एसटीचे धक्के खात अंबडला येतो, त्यांच्या खाटेसमोर बसतो आणि माझ्या रद्दीला हात जोडतो, हे अण्णांनी जागेपणी बघायला हवं होतं. एकदा तरी त्यांनी म्हणावं की हे काम आहे. चाळिशीतल्या माणसाला असं वाटावं याची मला तेव्हाही लाज वाटत होती, पण वाटत होतं.

"अण्णा, रविवारी पुण्याहून माणूस येतोय. माझ्या कॉमिक्ससाठी."

"यिऊ दे," अण्णा म्हणाले. "बघू तर, तुझ्यापरीस खुळं कोण है."

शुक्रवारी सकाळी अण्णा गेले. सुनंदा बशीतून चहा पाजत होती. दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला तोंड उघडलंच नाही.

मी रडलो. पहिला तासभर मला कॉमिक्सची आठवणसुद्धा झाली नाही, हे शपथेवर सांगतो. दुसऱ्या तासाला झाली.

तोपर्यंत घर माणसांनी भरलं होतं आणि कारभार नानांच्या हातात गेला होता. नाना म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ. मयतीच्या घरी त्यांना जो हुरूप येतो तो लग्नाघरीही येत नाही. मी आंघोळ करून ओल्या धोतरानं अंगणात उभा, आणि नानांचा पोरगा भागवत अण्णांची गादी दुमडून दोरीनं बांधतोय.

"भागवत, गादी राहू दे," मी म्हणालो.

"मयताचं अंथरूण घरात ठेवीत न्हाईत, भाऊ. मसनवाट्यात टाकून येयाचं."

"मी नंतर टाकतो. खोल ती."

नाना आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिगंबर, माया तोडावी लागती बाबा. गादी धरून बाप परत येत न्हाई."

"नाना, तसं नाही, मला फक्त गादीत हात घालून..."

"बघा हो," नाना बायकांकडे वळून म्हणाले, "बापाच्या अंथरुणाची ऊब बघून राह्यला." बायकांमध्ये जो हंबरडा फुटला त्यात माझं पुढचं वाक्य वाहून गेलं. गादी टेम्पोत गेली, मी आगीचं मडकं धरून पुढे चालायला लागलो. आपले अंक मागून टेम्पोत येताहेत आणि आपण वळून बघू शकत नाही, हे दुःख मी कुणाला सांगणार होतो?

स्मशानात वेगळीच आपत्ती. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस झालेला, लाकडं ओली. रॉकेल ओतलं तर रॉकेल जळून जायचं आणि लाकूड जसंच्या तसं. अण्णा हट्टी होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण इतके? लोक घड्याळं बघायला लागले.

"गादीतला कापूस काढ रे," नाना म्हणाले.

भागवतनं दोरी सोडली, खोळ ओढली, आणि प्लास्टिकची पिशवी बदकन खाली पडली.

"नाना, कागद घावला! चांगला कोरडा है."

"देवच पावला. दे दिगंबरच्या हातात. अग्नी त्यानंच द्यावा लागतो."

"नाना," मी म्हणालो, "ते माझे आहेत."

"आता तुझं-माझं काय राह्यलं, लेका? समदं हितंच सोडून जायचंय." आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मी पिशवीतून पहिला अंक काढला. सरळ झाला होता. काय सुरेख सरळ झाला होता! मग मी तो उघडला, आणि प्रत्येक पानाच्या कडेला वरणाचा पिवळा अंगठा उमटलेला. दुसऱ्या अंकात तेच. तिसऱ्यात चहाचे थेंबही. आठव्या अंकाच्या मधोमध एका पानाचा कोपरा दुमडून ठेवलेला होता. त्या पानावर निळ्या टोपीचा गुप्तहेर बोट रोखून म्हणत होता, "चोर याच खोलीत आहे."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की कोपरा दुमडला, भाव गेला. बाप समोर लाकडांवर आणि मला हा विचार आला. दुसरा विचार यायला जरा वेळ लागला. तो आला तेव्हा मी त्या पिवळ्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून बघितला. अण्णांनी वाचले होते. सातही अंक पुरे, आठवा अर्धा.

"अण्णा," मी मोठ्यानं म्हणालो, "एवढं पूर्ण तरी करायचं होतं."

"पूर्ण कुणाचं होतं, बाबा," नाना डोळे पुसत म्हणाले. "लाव जल्दी. अंकुशनगरवाल्यांची गाडी जाईल."

मी सात अंक लावले. आठवा छातीशी धरला. "नाना, एवढा एक राहू द्या."

"मसनातलं काही घरी नेत न्हाईत," म्हणत नानांनी तो काढून घेतला आणि मधोमध खोचला. चिता बराबर पेटली. जुना कागद काय पेटतो!

मग पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन चितेला तीन फेऱ्या मारायच्या. माझ्या मनात आलं, अण्णा अर्ध्यावर गेलेत, निदान शेवट तरी त्यांच्या कानावर घालावा. पहिली फेरी मी तो आठवण्यात घालवली. आठवेना. आठवणार कसा? मी तो वाचलाच नव्हता. आठातला एकही वाचला नव्हता. अंक पूर्ण उघडला की कणा मोडतो, म्हणून आमच्या धंद्यात कुणी वाचत नाही. दुसऱ्या फेरीत कव्हरवरचा दिवाण आठवून मी हळूच म्हणालो, "अण्णा, दिवाणानं चोरला." पण अण्णांना थाप लगेच कळायची. म्हणून तिसऱ्या फेरीत म्हणालो, "नक्की माहीत नाही, अण्णा. माफ करा."

"मंत्र म्हणून राह्यला," भागवत शेजारच्याला म्हणाला.

या गडबडीत श्रीनिवासरावांना फोन करायचा राहून गेला. रविवारी ते दारात हजर. चष्मा, शबनम पिशवी, हातात पेढ्यांचा पुडा. आत सतरंजीवर माणसं बसलेली बघून त्यांनी पुडा पिशवीत घातला. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन सगळं सांगितलं.

"आठही?" ते म्हणाले.

"आठही."

त्यांनी चष्मा काढला आणि ढसाढसा रडले. (माझे सख्खे मामा एवढे रडले नव्हते. नानांनी मला विचारलं, "हे अण्णाचे कोण?")

"एक सांगा," मी म्हणालो, "शेवटी चोर कोण निघतो?"

श्रीनिवासराव गोंधळले. "चोर? कुठला चोर? मी कव्हरं बघतो हो. आत कोण जातंय?"

तेवढ्यात सुनंदा पाणी घेऊन आली. तिनं ऐकलं होतं. "वैद्य असंल," ती म्हणाली. "अण्णा म्हणायचे दिवाण है, पण मला वैद्याचा वहीम होता."

"तू कधी वाचलेस?" मी म्हणालो.

"तुम्ही दुकानात गेले की चष्मा मागायचे. जेवण झालं की मी पुस्तक धरायची, ते पानं उलटायचे. दोघं मिळून वाचायचो. लई हसायचे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"नको म्हणाले. म्हणले, दिगंबरला कळू देऊ नको, त्याला वाटल मला आवडून राह्यलंय."

मला जे तोंड बघायचं होतं ते सुनंदानं रोज दुपारी बघितलं होतं. मी तेव्हा शंभर पावलांवर लोकांच्या सातबाऱ्याच्या झेरॉक्स काढत होतो. त्या दिवशी मी पुन्हा रडलो, आणि या वेळी फक्त अण्णांसाठी.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, नानांनी सगळी वचनं देऊन बघितली. शेत विकणार न्हाई, म्हणाले. बहिणींना अंतर देणार न्हाई, म्हणाले. कावळे बाभळीवर ढिम्म. शेवटी मी पुढे झालो, हात जोडले आणि मनात म्हणालो, अण्णा, चोर कोण ते शोधून तुम्हाला वाचून दाखवीन. कावळा फडफडत खाली उतरला आणि पिंड घेऊन गेला.

मी शब्द पाळला. त्यानंतरची सहा-सात वर्षं मी निळ्या टोपीचा आठवा अंक शोधत मराठवाडा पालथा घातला, आणि शेवटी परभणीच्या एका बंद पडलेल्या वाचनालयात मला तो सापडला. कोरा करकरीत, कणा अखंड, पिनांना गंज नाही, बहुधा कुणी एकदाही न उघडलेला. आता तो आमच्या कपाटात आहे. दर पित्राला सुनंदा पान वाढते, कावळ्याचा घास भिंतीवर ठेवते आणि म्हणते, "आज तरी उघडा. शेवट वाचून दाखवा त्यांना. मला बी ऐकायचाय." मी हात धुऊन, पुसून अंक पिशवीतून बाहेर काढतो, कण्यावरून बोट फिरवतो आणि पुन्हा पिशवीत घालतो. भिंतीवरचा कावळा घास न घेता माझ्याकडे बघत बसतो. मग मी खालच्या आवाजात त्याला समजावतो, "अण्णा, अजून एक साल थांबा. भाव चढून राह्यलाय."