नववीच्या पोरांचा कारभार

शिक्षकाच्या घरात रद्दी आणि किस्से दोन्ही साठतात. रद्दी निदान विकता येते, किस्से मात्र कुणाला तरी ऐकवावेच लागतात.

नव्वदच्या दशकात मी इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या बाजूला एका हायस्कूलला होतो. माझ्या नववीतली बहुतेक पोरं मेंढपाळांची, नाहीतर शेतमजुरांची. बारामतीच्या शिक्षक-शिबिरात एका साहेबांनी सांगितलं, "मुलांना विचारून शिकवा." मी सोमवारी वर्गात विचारलं, "कसं शिकवू?"

मागून आवाज आला, "हळू."

*

वेळापत्रक पोरांनीच केलं. गणित शेवटच्या तासाला. का, तर मागच्या बाकावरचा सागर म्हणाला, "सर, गणिताला झोप येती. शेवटच्या तासाला आली म्हंजी घरी जाऊन पुरी करता येती."

*

मग ठरलं, कळलं नाही की हात वर करायचा. दुसऱ्या दिवशी मी खडू उचलायच्या आत सागरचा हात वर.

"अरे, मी अजून बोललोच नाही."

"व्हय सर. पण पुढं गडबड नको."

*

चाचणीचा पेपरही त्यांनीच काढला. पहिलाच प्रश्न, "मागच्या आठवड्यात सरांनी काय शिकवलं?" एकालाही आला नाही. उत्तर विचारायला सगळे स्टाफरूममध्ये आले. मलाही आठवेना. शेवटी प्रश्न रद्द केला.

*

कमळ वर्गात सगळ्यात हुशार. पोरांच्या ठरावानं पाठ ती घ्यायची, मी मागं बसायचो. एक दिवस तिचे वडील, तात्या, तिला न्यायला आले. कायमचंच.

"पोरंच शिकवणार आसतील तर साळा कशाला? घरी मेंढरं हायेत."

पण पोरांचा नियम होता, जो आत आला त्यानं तास संपेस्तोवर बसायचं. सागरनं सरकून जागा केली. तात्या बाकावर टेकले.

इंग्रजीचा तास चालू होता. "शीप म्हंजी मेंढरू," कमळ म्हणाली. "एक आसलं तरी शीप, कळप आसला तरी शीपच."

तात्या उभे राहिले. "मग मोजायची कशी?"

कमळनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

"तात्या, उद्या सांगती," ती म्हणाली.

"बरं." तास संपल्यावर तात्या एकटेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला ते कमळच्या मागं ओळीत उभे होते. हात जोडून, डोळे मिटून.