चाकणचं वर्तुळ, अंगठाभर आत

प्रिय इरा आणि मल्हार,

इराने फोनवर रडत सांगितलं की रेफरीने तिचा गोल रद्द केला, कारण म्हणे तिचा पाय क्रीजमध्ये (गोलभोवतीचं वर्तुळ, हल्ला करणाऱ्याने त्यात पाय टाकायचा नसतो) पडला होता. आणि म्हणून ती आता लॅक्रॉस सोडणार. एका रेघेपायी मुलगी खेळ सोडते म्हणजे रेघ मोठी थोर असणार. ती पाहायला हवी, असं मी ठरवलं.

सुदैवाने त्यासाठी तुमच्याकडे यायला विमानात बसावं लागलं नाही. कासारवाडी स्टेशनजवळ माझी स्कूटर दुरुस्त करणारे सलीमभाई म्हणाले, "आमची पोरगी रेहाना तेच खेळते की, जाळीच्या काठीनं. शनिवारी चाकणला मॅच आहे. जिंकल्या तर राज्य स्पर्धेला जातील. एकोणीस वर्षांच्या आतल्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष."

शनिवारी सकाळी सात वाजता रहाटणीहून निघाले. बरोबर पाणी, छत्री, दशम्या आणि रिक्षावाला अंकुश. तो मूळचा बीडचा, त्यामुळे त्याचा आवाज रिक्षाच्या आवाजावर सहज मात करतो.

तळवड्याच्या सिग्नलला पहिलं प्रेक्षणीय स्थळ लागलं. तिथे रस्त्यावर थांबण्यासाठी एक जाड पांढरी रेघ आहे. आपल्याकडे ती रांगोळीसारखी शोभेला काढतात. फरक एवढाच की रांगोळीवरून कोणी चाक नेत नाही. अंकुशने रिक्षा रेघेच्या चांगली दोन हात पुढे उभी केली.

"अंकुश, रेघ मागे राहिली."

"राहू द्या आजी. तिला कुठं जायचंय?"

पुढे चाकणपर्यंत नव्या मोटारी पाठीवर घेतलेले ट्रेलर आमच्या मागेपुढे उभे होते. 'उभे' हाच शब्द बरोबर आहे. कोऱ्या गाड्यांना कारखान्यातून बाहेर पडताच वाहतुकीची सवय लागावी, ही केवढी दूरदृष्टी.

मैदान एका कारखान्याच्या भिंतीमागे होतं. तांबूस माती आणि तिच्यावर कबड्डी, क्रिकेट, खो-खो अशा सगळ्यांच्या जुन्या पुसट रेघा. त्या गुंत्यात एक उंच, सडपातळ मुलगी गोलच्या मधोमध खुंटी ठोकून तिला दोर बांधत होती. तीच रेहाना. दोर ताणून ती खुंटीभोवती पाठमोरी फिरली आणि पत्र्याच्या डब्यातून फक्की (रेघा मारायची पांढरी भुकटी) सोडत गेली. वर्तुळ सुरेख जमलं असं मला वाटलं. रेफरींना वाटलं नाही.

रेफरी काळूराम सर तिथल्याच गावचे. आठवडाभर एका कारखान्यात तयार माल तपासतात आणि शनिवारी माणसं. खिशातून स्टीलची टेप काढून त्यांनी वर्तुळ चार ठिकाणी मोजलं.

"हितं दोर सैल पडला, पोरी. पुन्ना मार."

"सर, बोटभर तर आहे."

"कंपनीत बोटभर चुकलं तर आख्खा लॉट माघारी येतो. पूस."

तिने पुसलं आणि पुन्हा मारलं. मी मनात म्हटलं, मोठा नमुना आहे. तेवढ्यात नमुना माझ्याकडेच आला.

"आजी, खुर्ची रेघंच्या मागं घ्या."

"मी खेळत नाहीये."

"व्हय, पण खुर्ची मैदानात हाय."

आयुष्यभर शाळेत मुलींना रांगेत उभं केलेली मी मुकाट्याने उठले आणि खुर्ची मागे ओढली. टेप काढली नाही, हे त्यांचे उपकार.

समोर तळेगावच्या मुली होत्या. आधीच्या सामन्यांतल्या गुणांमुळे त्यांना बरोबरीही पुरत होती. आपल्याला मात्र जिंकायलाच हवं होतं. मध्यंतरात भेळ मिळाली. ती चाकणच्या कांद्याची होती, म्हणजे कांदा होता आणि चवीपुरती भेळ. तोपर्यंत दोन-दोन गोल झाले होते आणि बुटांनी सकाळचं वर्तुळ बरंचसं पुसून टाकलं होतं.

शेवटच्या मिनिटाला रेहाना तिघींना चुकवून आत घुसली. चेंडू जाळीत. मी छत्री उघडून नाचवली, हे तुमच्या आईला कळवू नका.

शिट्टी वाजली. काळूराम सरांनी हाताने 'नाही' केलं.

"सर, कुठाय रेघ? दाखवा की," आपल्या मुली ओरडल्या. मुद्दा बिनतोड होता. तिथे नुसती माती होती आणि मातीत रेहानाच्या डाव्या बुटाचा खोल ठसा.

सरांनी वाद घातला नाही. सकाळचा दोर आणला, जुन्या भोकात खुंटी बसवली आणि दोराचं टोक रेहानाच्या हातात दिलं. "तूच ताण."

ती ठशापर्यंत गेली. तिने हात थोडा ढिला सोडला असता तर कोणाला कळलं असतं? मला तर नक्कीच नाही. तिने दोर पुरता ताणला. बुटाचं टोक अंगठाभर आत होतं.

"आत आहे," ती म्हणाली.

दोन-दोन. तळेगाव राज्य स्पर्धेला गेलं.

परतताना रेहाना माझ्याबरोबर रिक्षात होती. काठी मांडीवर, तोंड बाहेर. मी दशमी पुढे केली. तिने घेतली, पण खाल्ली नाही. मग म्हणाली, "आजी, राग सरांचा नाही येत. सकाळी दोर सैल होता तसाच राहिला असता ना, तर गोल होता."

"कसा?"

"त्याच बाजूला सैल होता. वर्तुळ बोटभर आत आलं असतं. मीच नीट मारलं."

तळवड्याचा सिग्नल आला. अंकुश सवयीने रेघ ओलांडून थांबला.

"दादा, मागं घ्या ना," रेहाना म्हणाली.

"कोण बघतंय, ताई?"

"कोणी नाही."

अंकुशने आरशात तिच्याकडे पाहिलं आणि रिक्षा दोन हात मागे घेतली. मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवून आमचा जाहीर सत्कार केला. मॅचनंतर रेहाना पहिल्यांदा हसली, आणि मग तिने दशमी खाल्ली.

इरा, खेळ सोडायचा तर खुशाल सोड. फक्त त्याआधी एकदा सकाळी लवकर मैदानावर जा आणि तुमच्याकडे रेघा कोण मारतं ते बघ. जमलं तर फक्कीचा डबा तुझ्या हातात घे. मग पुढच्या वेळी रडशील, तेव्हा निदान कोणाच्या रेघेवर रडतेस ते माहीत असेल.

तुमची आजी