शोभाताईचा खाडा

सकाळपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहून राह्यले.

आमच्या वस्तीतल्या कमलमावशीनं मागच्या महिन्यात जीव द्यायचा प्रयत्न केला. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिला एकटं ठेवू नका म्हणाले. तिच्या घरात कोणी न्हाई, म्हणून वस्तीतल्या बाया पाळीपाळीनं तिच्याजवळ बसतात.

काल शोभाताईची पाळी होती. आज ती कापूस वेचायला गेली, तर मालकानं बांधावरूनच परत पाठवलं. मी जाऊन मालकाला विचारलं.

"मॅडम, तिनं काल खाडा केला. येडीपाशी बसणं काय काम असतंय का?"

मागच्या वर्षी त्यांच्या मुलीला हाच त्रास झाला होता. तेव्हा याच मालकानं शोभाताईला महिनाभर तिच्याजवळ बसवलं होतं, रोजची मजुरी देऊन. मी आठवण करून दिली.

"ती माझी पोरगी हाय, मॅडम," एवढंच म्हणाले.

उद्या शोभाताई दुसरं काम शोधायला जाईल आणि मावशीजवळ मी बसेन. मी शाळेत रजा टाकलीय. माझा पगार कापला जाणार न्हाई. शोभाताईचं मात्र कामच गेलं. हे बराबर कसं, कोणी सांगाल का मला?