वाणात वाटलेली सीडी

आमच्या बँडची एकुलती एक सीडी मागच्या महिन्यात एका मुलीने शोधून काढली आणि नेटवर चढवली. इतकी वर्षं तिला कुत्र्यानेही हुंगलं नव्हतं, आता लोक तिला काळाच्या पुढची म्हणतायत.

बँड म्हणजे आम्ही दोघंच. तो गाणी लिहायचा, मी गायचे. वागळे इस्टेटमध्ये त्याच्या मामाचं वर्कशॉप होतं. शुक्रवारी कामगारांना सुट्टी, तेव्हा लेथ मशीन चालू करून आम्ही त्याच्या खडखडाटावर गाणी रेकॉर्ड करायचो. पाण्याच्या बिलावर, आजोबांच्या कवळीवर. एका गाण्यात मी नुसतीच शिंकते. पदरच्या पैशांनी तीनशे सीडी काढल्या. अकरा खपल्या, त्यातल्या चार त्याच्या बहिणीने घेतल्या. उरलेल्या खपवायचं काम माझ्याकडे आलं, कारण बोलायला मी बरी.

मग लग्न होऊन मी डोंबिवलीला आले. रिसेप्शनला आहेराचं पाकीट हातात देत तो म्हणाला, "घाबरलीस तू. म्हणून गाणं सोडलंस." ते माझ्या डोक्यात गेलं.

पहिल्या संक्रांतीला सासूबाई वाणासाठी स्टीलच्या वाट्या आणायचं म्हणत होत्या. मी पलंगाखालचा सीडींचा खोका ओढला. अंगावर हलव्याचे दागिने घालून सोसायटीतल्या बायकांना हळदीकुंकू लावलं आणि तिळगुळाबरोबर एकेकीला तीन-तीन सीडी दिल्या. आत काय आहे, कुणी विचारलं नाही. पंधरा दिवसांत समोरच्या गॅलऱ्यांमधून आमचा बँड दोऱ्याला लटकून कबुतरं हाकलत होता. मला मनापासून हसू आलं. त्याला फोन करून सांगितलं, सगळ्या विकल्या गेल्या.

हे दयेपोटी केलं नाही. मला बघायचं होतं, हा किती हवेत जातो. महिन्याभरात त्याने केमिकल कंपनीतली कायमची नोकरी सोडली. त्याला थांबवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी बोलले नाही. आता तो टिटवाळ्याला एका खोलीत राहतो आणि शिकवण्या घेतो.

सीडी नेटवर चढवणाऱ्या त्या मुलीची आजी आमच्याच सोसायटीतली; गॅलरीतली सीडी पडलीच तर असू दे म्हणून तिने एक कपाटात जपून ठेवली होती. मुलीने हे सगळं फोटोसकट लिहिलं, हळदीकुंकवासकट. लोकांना गाण्यांइतकीच ती गोष्टही आवडली. त्यानेही वाचली आणि फोन केला.

"वाण म्हणून वाटल्यास?"

"हो."

"मला तर म्हणालेलीस, संपल्या."

"संपल्याच की."

तो शिव्या देईल असं वाटलं होतं. त्याने विचारलं, त्यातल्या एखादीने तरी ऐकली असेल का. मी नाही म्हटलं.

"त्यानंतरचं प्रत्येक गाणं मी त्या तीनशे माणसांसाठी लिहिलं गं," तो म्हणाला. "हे त्यांना आवडेल का, एवढंच बघायचो."

मला लाज वाटली. माफी मागायची तीच वेळ होती. मी विचारलं, ती मुलगी ठाण्यात आपला कार्यक्रम ठेवतेय, येशील का. त्याने फोन ठेवला.

मुलीला मी कळवलं की त्याची तब्येत बरी नसते, मी एकटीच येईन. पोस्टरवर गाणी कुणी लिहिली म्हणून टाकू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, दोघांनी.