पूजेतला प्रोसेसर

देवासचे आमचे शेजारी धीरज शेलार प्रत्येक यंत्राची माहितीपुस्तिका आधी वाचतात. जुन्या प्रोसेसरवर संगणकाच्या मदरबोर्डचे बायोस, म्हणजे सुरू होण्याची मूळ प्रणाली, अपडेट करावे, मगच नवा बसवावा, नाहीतर संगणक नव्याला ओळखत नाही, हे त्यांना पाठ होते. पण खंडेनवमीला आई उमाबाई हळदकुंकू घेऊन बसल्या. "पूजा नव्याचीच होऊ दे. मुहूर्त टळतोय!"

धीरजरावांनी अपडेट न करताच नवा बसवला. जुना प्रोसेसर त्यांचा मेहुणा आपल्या गावी, मनावरला, घेऊन गेला. पुजलेले यंत्र त्या दिवशी सुरू करत नाहीत.

दसऱ्याला सकाळी आठला पडदा काळाच. मुलीची, वैभवीची, ऑनलाइन परीक्षा दहाला, दुकाने बंद.

धीरजरावांनी मेहुण्याला फोन लावला. "भिया, जुना घेऊन लगेच निघ ना!"

"दाजी, आत्ता निघालो तरी चार तास लागतील."

धीरजरावांनी फोन ठेवला आणि यंत्रावरचा झेंडू सरळ केला.