गबाळ्याचा तुटका कान

पापणीमास्तरांनी आयुष्यभर लोकांचे सोफे शिवले, पण तुम्ही काय करता असं कुणी विचारलं तर सोफ्याचं नावही काढायचे नाहीत. "मी गबाळ्याच्या पापण्या हलवायचो," असं सरळ सांगायचे. ऐकणारा हसायचा. गल्लीने त्यांना पापणीमास्तर म्हणायला सुरुवात केली ती काही कौतुकाने नव्हे. थापाड्या माणसाला चिडवायला कुठलंही नाव चालतं.

गबाळ्या म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातला दलदलीतला प्राणी. वासराएवढा, पोट सुटलेला, एक कान अर्धा तुटलेला. सिनेमात त्याला नावच नव्हतं, हे नाव त्याला हलवणाऱ्यांनी ठेवलेलं. त्याच्या पाठीची कातडी उसवली म्हणून सोफ्याच्या दुकानातून एका दिवसासाठी मास्तरांना बोलावलं होतं. नेमका त्या दिवशी पापण्या हलवणारा आजारी पडला. दिग्दर्शकाने मास्तरांचा सुईवरचा हात पाहिला आणि म्हणाला, याला बसवा. एका दिवसाचे तीन महिने झाले. लाकडी फळ्यांच्या मंचाखाली चौघं आडवे पडायचे. एक मानेला, एक जबड्याला, एक पुढच्या पायांना आणि मास्तर पापण्यांना. खालून काय दिसणार, कपाळ? म्हणून समोर एक मोठा आरसा उभा केलेला असायचा आणि फळ्यांच्या फटीतून त्यात बघत हे चौघं त्याला जिवंत करायचे. गबाळ्याला आणायचे, बसवायचे आणि न्यायचे ते चादरीत गुंडाळून, आणि ते काम दुसऱ्यांचं. मास्तर सरपटत आत जायचे ते थेट तारा हातात घ्यायला.

सिनेमा लागला तेव्हा मास्तर बायकोला घेऊन गेले. शेवटी नावं सरकायला लागली. चहा देणाऱ्याचंसुद्धा नाव आलं. पापण्यांसमोर त्या आजारी पडलेल्या माणसाचं नाव होतं, आणि खाली "इतर सहकारी". मास्तर उठून चालायला लागले. पुन्हा तो सिनेमा बघायचा नाही असं त्यांनी ठरवलं, आणि ते पाळलंही. बायको मात्र मरेपर्यंत सगळ्यांना सांगत राहिली, की आमच्या ह्यांनी त्याला रडवलंय. मुलीने शाळेत तेच सांगितलं तेव्हा वर्ग खो खो हसला, आणि त्यानंतर तिने हा विषय कधी काढला नाही.

मागच्या वर्षी बातमी आली. सिनेमाला चाळीस वर्षं झाली म्हणून प्रदर्शन भरणार होतं. मूळ गबाळ्याचं रबर सडून त्याचा पेटीभर भुगा झाला होता. सिनेमात ज्यांनी काम केलं त्यांनी यावं, त्यांची नावं दालनाच्या भिंतीवर लावू, असं आवाहन होतं. मास्तरांकडे ना फोटो, ना कागद. मंचाखालचे बाकी तिघं कधीच गेलेले.

"कागद कशाला हवाय?" मास्तर मुलीला म्हणाले. "गबाळ्याच नेऊन ठेवतो त्यांच्यापुढे. बघितल्यावर कळेलच कुणी हलवलाय ते."

आठ महिने ते त्याच्यामागे लागले होते. मुलीच्या दोन खोल्यांच्या घरात पुढची खोली गबाळ्याची झाली. आत जुन्या सोफ्यांचा फोम, बरगड्यांना छत्रीच्या काड्या, वरून हिरवट रेक्झिन रात्रभर भिजवून, चुरगाळून मऊ केलेलं. पापण्यांना सायकलच्या ब्रेकच्या तारा. मुलगी दातांच्या डॉक्टरकडे कामाला, तिने कवळीचं उरलंसुरलं साहित्य आणून दिलं. त्याचे दात झाले. एकाहत्तराव्या वर्षी मास्तरांची बोटं चहाचा कप धरताना थरथरायची, पण दाभण हातात आली की गप्प बसायची.

"बाबा, मोबाइलवर एकदा फोटो तरी बघा," मुलगी म्हणाली.

"तीन महिने त्याचं तोंड बघितलंय मी. तुझ्या आईचंसुद्धा इतकं निरखून बघितलं नसेल. मला फोटो दाखवतेस?"

तिने मोबाइल बाजूला ठेवला. मास्तरांच्या हट्टापुढे तिच्या आईचंही कधी चाललं नव्हतं.

टेम्पोत घालून गबाळ्याला नेला. प्रदर्शनाचं काम बघणारी चष्म्यातली तरुण बाई त्याला पाहून जागीच थांबली. मास्तरांनी पाठीमागे हात घालून तार ओढली. पापणी अर्धी आली, अडखळली आणि मग सावकाश मिटली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलीच्याही आलं, कारण बापाला हे येतं हे तिने पहिल्यांदाच पाहिलं.

मग जाणकार आले. दरवेळी असा एक असतोच बघा. या सिनेमावर बोलायला त्यांना जागोजाग बोलवायचे. त्यांनी गबाळ्याभोवती एक फेरी मारली.

"कान चुकलाय," ते म्हणाले. "तुटलेला कान उजवा. तुम्ही डावा केलाय. ज्याने तीन महिने हा प्राणी हलवला, तो हे विसरेल?"

बाईने फोटो पुढे केला. खरंच उजवा. चाळीस वर्षं मनात जपलेलं तोंड, आणि कागदावर भलतंच. परतताना टेम्पोत, आपण खरंच तिथे होतो का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. ते येऊन गेलं हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

गबाळ्याला घरात घेताना तो कपाटाच्या आरशासमोर आडवा झाला. मास्तरांनी मान वर केली आणि आरशात त्यांना तो दिसला. अगदी फोटोतल्यासारखा, तुटका कान उजवीकडे.

"अगं, मी त्याला आरशात बघितला!" मास्तर दारातच खाली बसले. "कायम आरशातच. समोरून बघितला तो पडद्यावर, तेवढा एकदाच."

मुलगी त्यांच्याजवळ बसली. "म्हणजे ही चूक तिथे असलेल्या माणसाकडूनच होणार," ती म्हणाली. इतक्या वर्षांत ती बापाच्या बाजूने पहिल्यांदा काही बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा गेले. जाणकारांनी शांतपणे ऐकून घेतलं. "युक्तिवाद छान आहे," ते म्हणाले, "पण चुकीलाच पुरावा मानायचं ठरवलं तर उद्या कुणीही काहीही बनवून आणेल." आरशाची नोंद कुठल्याच कागदात नव्हती. बाईलाही वाईट वाटत होतं, पण तिच्याही हातात काही नव्हतं. भिंतीवर नाव लावता येणार नव्हतं. मात्र कान बदलून दिला तर गबाळ्याला दालनाच्या मध्यभागी ठेवायची तिची तयारी होती.

"नाही बदलायचा," मुलगी बाहेर येऊन म्हणाली. "तेवढंच तर आहे तुमच्याकडे."

"मग घरात ठेवून काय करू? त्याला बघणार कोण, कपाट?"

एका दुपारचं काम. मास्तरांनी दोन्ही कान उसवले आणि जागा बदलून टाके घातले. टाके इतके बारीक की दुसऱ्या कुणाला शिवण सापडू नये. मुलगी तेवढा वेळ आतल्या खोलीत जाऊन बसली.

कान बदललेल्या गबाळ्याला पाहून जाणकार म्हणाले, "वा, आता तंतोतंत." गबाळ्याला काचेच्या मोठ्या पेटीत बसवलं. तारा पेटीच्या आत राहिल्या. त्याला हात लावायची आता सोय नव्हती, मास्तरांनासुद्धा.

बाई पेटीवर लावायची पाटी लिहायला बसली. तिने मास्तरांचं नाव नीट विचारून घेतलं, एकही अक्षर चुकू नये म्हणून दोनदा वाचून दाखवलं. नावाच्या वर छापलेलं होतं, 'चाहत्याची कलाकृती'. खाली एक रकाना अजून रिकामा होता.

"सिनेमा किती वेळा पाहिलात, आजोबा? प्रत्येक चाहत्याचं लिहितोय आम्ही."

"एकदाच," मास्तर म्हणाले.

ती हसली. त्यांना आठवत नसावं असं तिला वाटलं. "मग 'असंख्य वेळा' लिहू?"

मुलगी काहीतरी बोलायला पुढे झाली. मास्तरांनी तिचा हात धरला.

"लिही बाळा," ते म्हणाले.